गोंदणावरचा छेद

ज्या वर्षी माझ्या पुतणीला अमरावतीस वैद्यकीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, त्या वर्षी नांदगाव पेठेतील आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर, वरच्या वर्गातील कुणा विद्यार्थ्याकडून निम्म्या किमतीत घेतलेली हाडांची एक पत्र्याची पेटी येऊन पडली. ऐंशी ओलांडलेल्या आमच्या मातोश्रींनी तिच्यात डोकावून विचारले, ‘‘कोनाचे व्हय वं हे हाडकं?’’ पुतणीने उत्साहाने एकेक हाड उचलून त्याचे लॅटिन नाव सांगण्यास आरंभ केला. ‘‘हाडकाचं नाव नाई इचारत मी, मानसाचं इचारतो,’’ म्हातारी म्हणाली. आणि त्या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे पेटी देवघरापासून दूर, पण कुणाचा पाय लागणार नाही अशा बेताने, ओसरीच्या कोनाड्यात गेली.

वस्तुतः मृतदेहावरून जिवंत देहाचे ज्ञान मिळवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सुश्रुताच्या शारीरस्थानात प्रेत गवताने वेढून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजत ठेवावे आणि मग वाळा, वेळू इत्यादींच्या कुंचल्यांनी हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचे सर्व थर डोळ्यांनी पाहावेत, असा विधी सांगितला आहे. पुढे स्पर्शास्पर्शाच्या विचाराने ही विद्या मागे पडली, ती 1836 साली कलकत्त्यास मधुसूदन गुप्त नामक संस्कृतज्ञ वैद्याने हाती शस्त्र घेईपर्यंत. त्या प्रसंगी फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी झडली अशी आख्यायिका आहे. तीवर विश्वास ठेवण्याची मला निकड वाटत नाही. 1845 साली मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास गेल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. आमच्या वऱ्हाडच्या मुलांना मात्र दीर्घकाळ नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलचाच काय तो जवळचा आधार होता. 1947 साली नागपुरात महाविद्यालय झाले; अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या स्मरणार्थ 1984 साली, यवतमाळास 1989 साली आणि अकोल्यास 2002 साली सोय झाली. आता अमरावतीत सरकारी महाविद्यालयही उघडले आहे.

विद्यार्थी ज्याला नुसते ‘डी-हॉल’ म्हणतात त्या विच्छेदनगृहाचा पहिला परिचय डोळ्यांना होण्यापूर्वी नाकाला होतो. फॉर्मॅलिनचा तो वास डोळ्यांतून पाणी काढतो, दोनदा साबण लावूनही बोटांवरून जात नाही, आणि दुपारी डबा उघडल्यावर पोळीच्या घासाबरोबर पुन्हा भेटतो. तथापि त्याच वासाने भूक खवळते असेही पुष्कळ विद्यार्थी किंचित ओशाळून कबूल करतात. पहिल्या दिवशी एखादा भोवळ येऊन बाकावर बसतो, आणि बहुधा तोच पुढे शस्त्रवैद्य होतो, असा तेथला एक लाडका समज आहे. पुस्तकात तांबड्या-निळ्या रंगांनी स्वच्छ रेखाटलेले शरीर टेबलावर करड्या-तपकिरी एकरंगी रूपाने पडलेले असते. जुन्या पद्धतीत रोहिण्या ओळखू याव्यात म्हणून त्यांत शेंदूर भरीत, म्हणजे मारुतीला चढतो तोच. त्वचा आणि स्नायू यांमधले पांढरट आवरण चिमट्याने दूर करणे हे नवशिक्याचे पहिले काम. पुतणी म्हणाली की, वरूडच्या संत्र्याचे साल काढल्यावर फोडींवरची शिरी न फोडता सोडवावी, तसे ते असते. घाई केली की फोड फुटते, इथे मज्जातंतू तुटतो.

आरंभ बहुधा छातीच्या वरच्या भागापासून आणि काखेपासून होतो. काखेत मानेतून उतरणारे मज्जातंतूंचे जाळे असते: पाच मुळे, तीन खोडे, सहा फाटे, तीन दोर आणि अखेर पाच शाखा. हे कोष्टक मुले पाढ्यासारखे घोकतात. पण टेबलावरचा देह पुस्तक वाचून जन्मलेला नसतो. पुतणीच्या टेबलावर दंडातली रोहिणी कोपरापाशी दुभंगण्याऐवजी पार वर, काखेजवळच दुभंगलेली निघाली. शेजारच्या टेबलांवरची मुले पाहायला जमली. पुस्तकाविरुद्ध शरीराची साक्ष ग्राह्य धरावी लागते, हे त्या वयात समजणे मला अभ्यासक्रमातल्या इतर पुष्कळ गोष्टींहून मोलाचे वाटते.

मग त्याच हाताची त्वचा मनगटाकडे सोलीत जाण्याची पाळी आली. तो हात स्त्रीचा होता आणि त्याच्या आतल्या बाजूस गोंदण होते: तुळशीवृंदावन, खाली पाच ठिपके, आणि पुसट झालेली दोन अक्षरे, बहुधा कुणाचे तरी नाव. छेदाची रेषा नेमकी त्यावरून जात होती. चौघांनी एकमेकांकडे पाहिले आणि पुतणीने शस्त्र बोटभर बाजूने वळवून गोंदणाचा तुकडा अखंड उचलला. गुरुजींनी पाहिले, पण रेषा चुकली असे ते म्हणाले नाहीत.

ज्या स्त्रीने वेदना सोसून कुणाचे नाव हातावर कोरून घेतले, ती दप्तरी बेवारस होती. मुंबई प्रांताने 1949 साली शरीरशास्त्राचा जो कायदा केला, त्यान्वये ठरीव मुदतीत कोणी वारस पुढे न आल्यास असे मयत अध्यापनासाठी देता येते. त्या वेळी आम्ही मध्यप्रांतात होतो, आज तोच कायदा सबंध महाराष्ट्राला लागू आहे. ब्रिटनने 1832 साली असाच कायदा केला तो एडिंबरोस बर्क आणि हेअर यांनी शरीरशास्त्राच्या शाळेला प्रेते विकण्यासाठी माणसे मारल्यानंतर. दोन्हीकडे टेबलावर आला तो बहुतांशी गरीबच. त्याची संमती कुणी घेतली नाही, हे विद्यार्थ्यांकडून पहिल्या दिवशी कृतज्ञतेची शपथ वदवून घेणाऱ्या आजच्या काळातही विसरू नये.

देहदानाने हे चित्र पालटते आहे. मूळचे मराठवाड्यातील कडोळीचे नानाजी देशमुख 2010 साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह दिल्लीच्या एम्समध्ये गेला. तथापि संमतिपत्रावर सही करणारा त्या दिवशी स्वतः हजर नसतो. अखेरचा शब्द नातलगांचा. शवपरीक्षा झालेला देह बहुधा स्वीकारीत नाहीत, आणि वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात तर देह काही तासांत पोहोचवावा लागतो. दूरच्या लेकीची वाट पाहत थांबणे इथे परवडत नाही.

त्या वर्षी सर्वपित्री अमावस्येला मातोश्रींनी एक पान जास्त वाढले. कुणाचे म्हणून विचारल्यावर त्यांनी कोनाड्याकडे मान हलवली आणि थोड्या वेळाने पुतणीला म्हणाल्या, ‘‘अन् त्या गोंदनवालीचंबी त्याच्यातच धरजो.’’ पुढल्या वर्षी पेटी निम्म्या किमतीत दुसऱ्या मुलाकडे गेली. ते पान मात्र आमच्याकडे अजून वाढतात.