बोअरमधून वाळू येतेय? नवी मोटर घेण्याआधी हे पाहा

छत्रपती संभाजीनगरात नळाला जायकवाडीचं पाणी कित्येक दिवसांआड येतं, म्हणून मोहल्ल्यात चार घरं मिळून बोअर घेतात. पुढे बादलीच्या तळाशी रेती दिसू लागते, मोटरीचा आवाज बदलतो आणि आपण नशिबाला बोल लावतो. यात नशीब कमी, केसिंग जास्त!

आपल्या पायाखाली बेसाल्टचा काळा दगड आहे. शाबूत दगड कण सोडत नाही. वाळू येते ती वरच्या मुरमातून, नाहीतर दोन थरांमधल्या लाल मातीतून. पैसे वाचवायला आपणच केसिंग मुरमात थांबवायला सांगतो. ते पक्क्या दगडात काही फूट उतरलंच पाहिजे. बोअर चालू असताना घरचा माणूस उभा करा. तांबूस, भुसभुशीत भुगा येतोय तोवर मुरूम समजा, काळा कडक चुरा आला की दगड.

दुसरं कारण म्हणजे गरजेपेक्षा मोठी मोटर. पाणी जोरात खेचलं की सैल कण सुटतात. परदेशात जमिनीखालच्या वालुकाश्मात गॅस साठवतात, उन्हाळ्यात भरतात, थंडीत काढतात. दाबाच्या या चढउतारानं खडक कमजोर होतो, म्हणून तिथले इंजिनिअर आधी खडकाची ताकद मोजतात आणि मगच गॅस किती वेगानं काढायचा ते ठरवतात.

आपल्याला दोन काचेच्या बरण्या पुरतात. एक मोटर सुरू होताच भरा, दुसरी अर्ध्या तासानं. दुसरीतही रेती बसली, तर व्हॉल्व्ह थोडा आवळा, मोटर तळापासून वर घ्या. तरीही थांबली नाही, तर मेकॅनिकला केसिंग तपासायला सांगा.