आषाढीची झुंबड आणि भाड्याचा सर्व्हर

समजा, मोडनिंबच्या एखाद्या पोराने पंढरपुरातल्या भक्तनिवासासाठी खोल्यांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर लिहिलं. करकंबमार्गे पंढरपूर हाकेच्या अंतरावर, तेव्हा गिऱ्हाईक हाताशी. पंचाईत एवढीच, की एरवी दिवसाला चार-दोन बुकिंग आणि आषाढी तोंडावर आली की झुंबड. त्या चार दिवसांसाठी मोठा सर्व्हर वर्षभर पोसायचा? तासावर ट्रॅक्टर मिळत असताना हप्ते भरून दारात कशाला उभा करायचा, असाच हा हिशेब. ‘सर्व्हरलेस’मध्ये सर्व्हर असतोच, पण क्लाउड कंपनीच्या घरी. काम आलं की चालू, संपलं की बंद. पैसे मुख्यतः वापरापुरते.

पोराने कोड, लायब्रऱ्या, सेटिंग सगळं एका कंटेनर इमेजमध्ये बांधलंय. आता हे गाठोडं कोण जसंच्या तसं उचलतं, ते बघायचं.

अॅमेझॉनची लॅम्डा 2014 साली आली, पण कंटेनर इमेज घ्यायला तिने 2020चा डिसेंबर उजाडू दिला. आता 10 जीबीपर्यंतची इमेज चालते. मेख अशी, की नेहमीचा वेब सर्व्हर आत घालून भागत नाही. लॅम्डाच्या पद्धतीने बोलणारा तुकडा किंवा अॅडॅप्टर त्यात जोडावा लागतो. शिवाय एक काम 15 मिनिटांत आटपलं पाहिजे. गूगलचं क्लाउड रन (2019) त्यामानाने सरळ आहे: सांगितलेल्या पोर्टवर ऐका, बस्स. मायक्रोसॉफ्टचं कंटेनर अॅप्सही (2022) त्याच वळणाचं. माझा कौल या दोघांना. उद्या बिल परवडेना झालं, तर तीच इमेज स्वतःच्या सर्व्हरवर नेता येते.

डेटा सेंटर कुठलं, यावर लोक उगाच घसा कोरडा करतात. अॅमेझॉन आणि गूगलची मुंबईत आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात. पण मुंबई-पुण्यातला फरक मिलिसेकंदांचा. बंद पडलेला कंटेनर पहिल्या माणसासाठी जागा व्हायला लागणारा वेळ, म्हणजे ‘कोल्ड स्टार्ट’, त्याहून कितीतरी मोठा. जाडजूड जावा अॅप असेल तर काही सेकंद सहज जातात. तेवढ्यात वारकरी दुसऱ्या भक्तनिवासाला फोन लावून मोकळा.

खरा घात होतो तो डेटाबेसपाशी. दशमीला गर्दी वाढली, प्लॅटफॉर्मने कंटेनरच्या 40 प्रती उभ्या केल्या आणि प्रत्येकीने दहा जोडण्या उघडल्या, तर झाल्या 400. पोस्टग्रेस डेटाबेसची मूळ मर्यादा 100! कंटेनर ठणठणीत, पण पडद्यावर एरर. क्लाउड रनची एक प्रत मुळात एका वेळी 80 विनंत्या घेऊ शकते, म्हणून कमी प्रतींत भागतं. नेहमीच्या लॅम्डात एका प्रतीला एका वेळी एकच विनंती. काहीही निवडा, प्रतींना कमाल मर्यादा घाला आणि त्याच त्या जोडण्या पुन्हा वापरायला देणारा ‘पूलर’ मध्ये बसवा. बिलालाही त्याच मर्यादेने लगाम बसतो.

आणखी एक. भाविकांच्या आधार कार्डांचे फोटो कंटेनरच्या आत साठवू नयेत. प्रत बंद झाली की तेही गेले. त्यांना वेगळं स्टोरेज हवं.

आषाढीच्या आठवड्यात किमान एक प्रत सतत जागी ठेवावी; तिचे पैसे रिकाम्या वेळेतही पडतात. पौर्णिमेचा काला झाला, की तो आकडा परत शून्यावर आणायचा.