लेन्स बसली, पुढे काय?

हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 29 नोव्हेंबर 1949 रोजी माणसाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, त्याला पंच्याहत्तर वर्षं उलटून गेली. पुढची तीसेक वर्षं भरभर ओलांडतो: सरकलेल्या लेन्सा, धूसर झालेले कॉर्निया, पुन्हा बाहेर काढावी लागलेली भिंगं.

मी पाहिलं ते नव्वदचं दशक. तोवर शिबिरात मोतीबिंदू काढला की हाती जाड भिंगाचा चष्मा यायचा. तो फुटला की म्हातारं माणूस पुन्हा चाचपडायला लागे. 1992 मध्ये लेन्स बनवणारी ऑरोलॅब सुरू झाली आणि देशी लेन्स गरिबाच्या आवाक्यात आली. 1994 पासून मोतीबिंदू शस्त्रक्रियांसाठी जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्प आला, त्यात महाराष्ट्रही होता. मराठवाड्यातल्या शिबिरांत मी नावं नोंदवायला बसायचो. पट्टी सुटल्यावर नातवाच्या सदऱ्याची बटणं मोजणारी आजी मी पाहिली आहे.

पण त्याच वर्षांत उद्दिष्टांचं वेड शिरलं. एक शेतकरी तिसऱ्या दिवशी परत आला. डोळा लालबुंद, पापणी सुजलेली, ठणका कपाळापर्यंत. ‘‘थेंब चालू ठेवा, बाबा,’’ म्हणत आयोजकांनी त्याला एसटीत बसवून दिलं. आत संसर्ग झाला होता. अशा वेळी तासातासाला किंमत असते. डोळ्यात प्रतिजैविकाचं इंजेक्शन लगेच मिळालं तर काही आशा. त्याचा डोळा गेला, अहवालात मात्र तो यशस्वी शस्त्रक्रियांतच मोजला गेला. त्या आयोजकांना मी आजही माफ केलेलं नाही.

त्याच काळात फेरतपासणीला न आलेल्यांची घरं शोधत फिरणारे नेत्रचिकित्सा अधिकारीही होते. ती माणसं निवृत्त झाली, ती रीतही गेली. 2014 मध्ये गुरदासपूर, 2021 मध्ये मुझफ्फरपूर. शिबिरांतून डोळे जाणं थांबलेलं नाही.

आता मोनोफोकल (एकाच अंतराची), मल्टिफोकल (जवळ-दूरची), टोरिक (तिरप्या नंबराची) अशी लेन्सची पॅकेजं समजावली जातात. मल्टिफोकलमुळे रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, हे कोण सांगतं? लेन्समागची पिशवी पुढेमागे धुरकटते, तेव्हा लोक ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणून हबकतात. खरं तर याग लेसरने ते काही मिनिटांत साफ होतं. उलट डोळ्यासमोर ठिणग्या चमकल्या, कडेने काळी सावली सरकली, तर दृष्टिपटल सुटत असू शकतं आणि तिथे थांबायला वेळ नसतो.

परवा शेजारच्या काकूंचं मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेलं कार्ड पाहिलं. लेन्सची किंमत, नंबर, सगळं होतं. रात्री डोळा दुखला तर फोन कुणाला करायचा, ते नव्हतं. रुग्णालयात विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘‘सोमवारी या.’’ ऑपरेशन शुक्रवारचं होतं. तो फोन नंबर ठळक मराठीत छापून, घरच्यांना वाचून दाखवल्याशिवाय एकाही रुग्णाला घरी सोडू नये.