शेळीच्या दुधाचे मोल

दूध हे नाशवंत धन. ते टिकविण्याचा एक मार्ग म्हणजे त्यातील पाणी काढून टाकणे. उत्तर इटलीत माज्जोरे सरोवराजवळील लुईनोच्या डोंगराळ भागात शेळीचे कच्चे दूध वासराच्या जठरातील रेनेटने साकळवितात, चक्का साच्यांत निथळवितात आणि मीठ लावून किमान 20 दिवस मुरवितात. हेच 'फॉर्माजेल्ला देल लुइनेझे' नावाचे मध्यम घट्ट चीज. 2011 साली युरोपीय संघाने हे नाव त्या प्रदेशापुरते राखून ठेवले. त्यामुळे दुधाचा भाव गवळ्याच्याच पदरी पडतो.

उस्मानाबादी व संगमनेरी शेळ्या महाराष्ट्रातही आहेत. परंतु त्यांचे मोल मुख्यतः मांसावरून ठरते. वासराचे रेनेट येथे अनेकांना वर्ज्य. मात्र आता सूक्ष्मजीवांपासूनचे रेनेट मिळते. दुधालाच भाव आला, तर अडचणीच्या दिवसांत दुभती शेळी विकण्याची पाळी गरिबावर येणार नाही.