लाल झाली? अजून एक दिवस थांबा!

महाबळेश्वरची ट्रिप झाली, की बॅगेत स्ट्रॉबेरीचा एक तरी बॉक्स येतोच. घरी उघडून पाहावं तर टोकाला लाल, देठाजवळ पांढरी आणि चवीला आंबट. मग आपण साखर घालतो, नाहीतर मिल्कशेक करून मोकळे होतो.

यात शेतकऱ्याची चूक नाही बरं का! आंबा, केळं, चिकू ही फळं तोडल्यावरही पिकतात, आढीत घातली की गोड होतात. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. रोपावरून तोडली, की तिची गोडी तिथंच थांबते. नंतर रंग गडद होईल, पण साखर वाढणार नाही. आणि पूर्ण पिकलेली स्ट्रॉबेरी इतकी नाजूक, की लांबचा प्रवास तिला झेपत नाही. म्हणून दूरच्या बाजारात जाणारं फळ थोडं आधीच तोडावं लागतं.

थोडक्यात, खरी पिकलेली स्ट्रॉबेरी खायची तर एक तर शेतावर जायचं, नाहीतर ती आपल्याच खिडकीत टांगायची!

हसू नका, हे जमण्यासारखं आहे. स्ट्रॉबेरीची मुळं फार खोल जात नाहीत, त्यामुळे वीतभर खोल भांडं तिला पुरतं. टांगल्यामुळे फळं मातीला न टेकता हवेत लोंबतात आणि कुजण्याचं प्रमाण कमी होतं. शिवाय भाड्याच्या रूममध्ये जमीन कुठून आणणार? ग्रिल मात्र प्रत्येक खिडकीला असतं.

कुंडी विकतच घ्यायला हवी असंही नाही. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन स्वच्छ धुऊन वरून कापा आणि तळाला पाच-सहा भोकं पाडा. कॅन पारदर्शक असेल तर बाहेरून रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा, नाहीतर उन्हात शेवाळ धरतं. त्यात माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात भरा. एवढ्या कॅनमध्ये एक रोप, दहा इंची कुंडीत दोन ते तीन.

रोप नर्सरीतूनच आणा. ऑनलाइन मिळणाऱ्या बियांच्या नादी लागू नका. बियांपासून फळ यायला खूप वेळ जातो आणि ते मूळ जातीसारखं निघेलच असं नाही. निळ्या स्ट्रॉबेरीचं पाकीट दिसलं तर सरळ पुढे जा, कारण निळी स्ट्रॉबेरी जगात नाहीच! ‘विंटर डॉन’, ‘स्वीट चार्ली’ किंवा ‘कॅमारोसा’ या जाती विचारा. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की त्यांना फुलं येतात. म्हणून लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करायची. पुणे, नाशिक, साताऱ्याची थंडी तिला मानवते. मुंबईच्या दमट हवेत फळं कमी आणि लहान येतील, हे आधीच सांगून ठेवते.

लावताना एक गोष्ट सांभाळा. पानं जिथून फुटतात तो रोपाचा गाभा मातीच्या वर राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर रोप कुजतं. दिवसाला सहा तास ऊन हवं. टांगलेली कुंडी चहूबाजूंनी वारा लागून लवकर सुकते, म्हणून रोज बोटाने माती चाचपा आणि कोरडी लागली तरच पाणी घाला. चार दिवस गावी जाणार असाल तर ही ड्यूटी रूममेटला लावून द्या. रोपातून लांब दोऱ्यासारखे धुमारे निघतील, ते कापून टाका, म्हणजे ताकद फळांकडे जाईल.

आता सेफ्टी. भिजलेली दहा इंची कुंडी सात-आठ किलोंच्या घरात सहज जाते. सुतळी, सेलोटेप असले जुगाड नकोत. लोखंडी हूक आणि साखळीच वापरा. कुंडी ग्रिलच्या आतल्या बाजूला टांगा आणि खाली ताटली लावा. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर मातीचं पाणी ठिबकलं, तर स्ट्रॉबेरी राहील बाजूला आणि रूमच सोडावी लागेल!

फूल आलं की मऊ ब्रश त्याच्या मध्यभागी हलकेच फिरवा. वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी येतात आणि परागीभवन अर्धवट राहिलं तर फळ वाकडंतिकडं होतं. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण महिना लागतो. पैसे वाचतील म्हणून मात्र हे करू नका. एका रोपाची हंगामभराची फळं एक-दोन ओंजळीत मावतील.

खरी परीक्षा शेवटी असते. फळ लाल दिसलं की हात शिवशिवतो, फोटो काढून लगेच स्टोरी टाकावीशी वाटते. पण आधी देठाजवळ बघा. तिथं पांढरं दिसतंय? मग थांबा. बुलबुल टपून बसलेला असेल, तर कुंडीवर जाळी टाका, पण फळ तोडू नका. देठापर्यंत लाल झाली, जवळ गेल्यावर वास यायला लागला, की सकाळी देठासकट कात्रीने कापा.

पहिली बहुतेक एकच पिकेल. रूममध्ये तिघी असाल तर तीन फोडी करा. साखर लागणार नाही.