विश्लेषण : पेरूतल्या सांताक्रूझ ट्रेकवरचे निळे तलाव सुंदर आहेतच, पण ते धोकादायक का मानले जातात?

सांताक्रूझ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पश्चिम रेल्वेवरचे स्थानक येते. जगभरातल्या ट्रेकर्सना मात्र पेरूमधली एक दरी आठवते. चार दिवस, सुमारे ५० किलोमीटर, दोन्ही बाजूंना सहा हजार मीटरच्या आसपासची हिमशिखरे आणि पायथ्याशी निळे-हिरवे तलाव. समाजमाध्यमांवर या ट्रेकचे फोटो पाहून ‘स्वर्ग’ असे लिहिणारे पुष्कळ आहेत. पण फोटोतले हे तलाव कसे तयार झाले आणि त्यांच्या खालच्या गावांमध्ये राहणारे लोक त्यांच्याकडे कसे पाहतात, हे समजून घेतले तर हा ट्रेक वेगळाच दिसू लागतो.

हा ट्रेक नेमका कुठे आहे?

पेरूची राजधानी लिमा समुद्रकिनारी आहे. तिथून उत्तरेला साधारण ४०० किलोमीटरवर, बसने आठ तासांच्या अंतरावर हुआराझ हे शहर आहे. उंची सुमारे ३०५० मीटर. शहराच्या डोक्यावर कॉर्डिलेरा ब्लांका, म्हणजे शब्दशः ‘पांढरी पर्वतरांग’ उभी आहे. उष्ण कटिबंधातील हिमनद्यांचा जगातला सर्वांत मोठा समूह इथे आहे. पेरूतील सर्वोच्च शिखर हुआस्करान (६७६८ मीटर) याच रांगेत आहे. १९७५ मध्ये हा परिसर राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

उष्ण कटिबंधात हिमनद्या कशा, हा प्रश्न साहजिक आहे. कोची विषुववृत्ताच्या जितके उत्तरेला आहे, साधारण तितकेच हुआराझ दक्षिणेला आहे. इथला बर्फ टिकून आहे तो केवळ उंचीमुळे. पण इथे आल्प्ससारखा मोठा हिवाळा नसतो. आल्प्समध्ये थंडीचे काही महिने बर्फ वितळणे जवळपास थांबते. इथे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, त्यामुळे हिमनदीचे खालचे टोक बाराही महिने वितळत राहते आणि भर पडते ती मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिलच्या ओल्या हंगामात. म्हणून तापमान थोडे वाढले तरी या हिमनद्यांचा हिशेब लगेच कोलमडतो. हिमनद्यांवर संशोधन करणाऱ्या पेरूच्या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नोंदीनुसार, देशाने सहा दशकांत हिमनद्यांचे ५६ टक्के क्षेत्र गमावले आहे.

चार दिवसांत काय दिसते?

ट्रेक दोन्ही दिशांनी करता येतो. अनेक कंपन्या वाकेरिया (सुमारे ३७०० मीटर) येथून सुरुवात करून काशापाम्पा (सुमारे २९०० मीटर) येथे संपवतात. पहिल्या दिवशी गाडी यांगानुकोच्या जोडतलावांवरून ४७०० मीटरहून उंच घाट चढते आणि पलीकडे उतरते. चालणे त्यानंतर सुरू होते आणि पहिला मुक्काम दरीतल्या पारिया येथे पडतो. सामान गाढवांवर असते. ती हाकणाऱ्यांना ‘आरिएरो’ म्हणतात. ही बहुतेक आसपासच्या गावांतली, क्वेचुआ बोलणारी माणसे.

दुसरा दिवस सर्वांत कठीण. चढ चढत पुंता उनियोन (४७५० मीटर) या खिंडीत पोहोचायचे. खिंड म्हणजे कड्यातली एक अरुंद खाच. शेवटच्या पावलापर्यंत समोर फक्त खडक दिसतो आणि खाचेतून पलीकडे डोकावले की ताउयिराहू शिखर, त्याची हिमनदी आणि खाली ताउयिकोचा तलाव एकदम समोर येतात. ही खिंड पाणलोटाचीही सीमा आहे. मागच्या उतारावरचे पाणी मारान्योन नदीतून अ‍ॅमेझॉनमार्गे अटलांटिक महासागराला मिळते आणि पुढच्या उतारावरचे सांता नदीतून पॅसिफिकला. महाबळेश्वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस कोणत्या उताराला लागतो यावर तो बंगालच्या उपसागरात जाणार की अरबी समुद्रात हे ठरते, तसेच हे.

तिसऱ्या दिवशी मुख्य वाट थोडी सोडून आल्पामायो (५९४७ मीटर) शिखराच्या तळाकडे आणि आर्वायकोचा तलावाकडे जाता येते. १९६६ मध्ये एका जर्मन गिर्यारोहण मासिकाच्या पाहणीत आल्पामायो जगातले सर्वांत सुंदर शिखर ठरले होते. सुंदर ते आहेच, पण या ट्रेकच्या वाटेवरून त्याची जगप्रसिद्ध, पिरॅमिडसारखी बाजू दिसत नाही, हे जाहिरातीत सहसा सांगत नाहीत. त्यानंतर दरी रुंद होते आणि वाटेत हातुनकोचा आणि इचिककोचा हे दोन तलाव लागतात. नावांचे अर्थ सरळ आहेत : मोठा तलाव आणि छोटा तलाव. चौथा दिवस उतरणीचा.

‘फक्त चार दिवस’ हे गणित फसवे का?

सह्याद्रीत दर शनिवार-रविवारी किल्ले पालथे घालणाऱ्यांची इथे गफलत होऊ शकते. कळसूबाई १६४६ मीटर आहे आणि पुंता उनियोन त्याच्या जवळपास तिप्पट. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असते, पण या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५५ ते ५७ टक्के इतकाच उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. याचा दमसासाशी संबंध कमी आणि शरीराला मिळालेल्या वेळेशी जास्त. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो. उलट तरुण, तंदुरुस्त माणसे भराभर चढतात म्हणून अनेकदा तीच आधी आडवी होतात.

लिमा ते हुआराझ हा प्रवास म्हणजे एका रात्रीत शून्यावरून तीन हजार मीटर. म्हणून ट्रेकच्या आधी हुआराझमध्ये किमान दोन-तीन दिवस काढावे लागतात. या दिवसांत ‘लगुना ६९’ (सुमारे ४६०० मीटर) किंवा चुरुप अशा तलावांपर्यंत एक दिवसाच्या चढाया करून रात्री पुन्हा खाली झोपायला यायचे, ही रूढ पद्धत आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे ही पहिली लक्षणे. बसल्या जागी धाप लागणे, सरळ रेषेत चालता न येणे किंवा बोलण्यात गोंधळ ही फुप्फुसात किंवा मेंदूत सूज येत असल्याची चिन्हे असू शकतात आणि त्यावर पहिला उपाय एकच : ताबडतोब खाली उतरणे. अडचण अशी की पारियाच्या मुक्कामातून खिंड चढल्यावर पुढे जायचे की मागे फिरायचे, हा निर्णय त्रास होणारा माणूस स्वतः नीट घेऊ शकत नाही. गाईडला पैसे मोजायचे ते खरे तर याच निर्णयासाठी. वाट तशी ठळक आहे, अनुभवी माणूस ती एकट्यानेही काढेल. पण हेलिकॉप्टर लगेच येईल हे इथे गृहीत धरता येत नाही. गाढवावर बसवून किंवा चालवतच माणसाला खाली आणावे लागते.

एक व्यावहारिक सूचना : कोकाच्या पानांचा चहा पेरूमध्ये कायदेशीर आहे आणि सगळीकडे मिळतो. ती पाने आठवण म्हणून बॅगेत टाकून भारतात आणू नका. आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचे पान स्पष्टपणे नमूद आहे.

तलाव निळे का, आणि ते वाढतात कसे?

हिमनदी सरकताना खालचा खडक घासते. त्याची पिठासारखी बारीक पूड वितळलेल्या पाण्यात तरंगत राहते, ती प्रकाश विखुरते आणि पाणी निळे-हिरवे दिसते. म्हणजे हा रंग बहुतेकदा तलावाच्या वर जिवंत हिमनदी असल्याचा पुरावा असतो.

हिमनदीच पुढे ढकलत आणलेले दगडगोटे, वाळू आणि माती तिच्या तोंडाशी साचून बांध तयार होतो. त्याला हिमोढ म्हणतात. हिमनदी मागे हटली की तिची जागा आणि हा बांध यांच्यामध्ये खड्डा उरतो आणि त्यात पाणी साठते. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर हे मातीचे धरण आहे. फक्त त्याला रोलिंग नाही, चिकणमातीचा गाभा नाही आणि सांडवा नाही. वरून बर्फाचा किंवा दरडीचा मोठा तुकडा तलावात पडला की लाट उसळते, बांधावरून जाते आणि जाताना बांधाची माती कापते. जितकी खाच खोल, तितका प्रवाह जोरात, तितकी खाच आणखी खोल. मातीच्या धरणावरून पाणी गेले की काय होते, हे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत पाहिलेल्या पुण्याला वेगळे सांगायला नको.

असे खरोखर घडले आहे का?

याच ट्रेकच्या वाटेवर घडले आहे. ८ फेब्रुवारी २०१२ रोजी सांताक्रूझ दरीच्या बाजूच्या खोऱ्यात हिमोढाचा उतार ढासळून आर्तिसोन आल्तो या तलावात पडला. तिथले पाणी खालच्या तलावात, तिथून मुख्य दरीत आणि पुढे हातुनकोचात आले. गाळ-वाळूचे पट्टे दरीत पसरले. तिसऱ्या दिवशी कुरणातून चालता चालता अचानक लागणारे, वाळवंटासारखे रखरखीत मैदान हीच त्या पुराची खूण. घटना पावसाळ्यात झाली, जेव्हा ट्रेकर्स नसतात. मुख्य हंगाम मे ते सप्टेंबर हा कोरड्या महिन्यांचा.

हुआराझने याहून भयंकर पाहिले आहे. १३ डिसेंबर १९४१ रोजी शहराच्या वर असलेला पाल्काकोचा तलाव फुटला आणि शहराचा मोठा भाग वाहून गेला. मृतांचे अंदाज सुमारे १८०० पासून ५००० पर्यंत जातात. त्यानंतर पेरूने जे केले ते खरे तर अधिक चर्चेत यायला हवे. सरकारने तलावांसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. अभियंते आणि मजूर साडेचार हजार मीटरवर गेले, बोगदे खणून आणि चर काढून तलावांची पातळी उतरवली, दगडी बांध घातले. अशी कामे ३० हून अधिक तलावांवर झाली. आपल्याकडे केदारनाथ (२०१३) आणि सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक (ऑक्टोबर २०२३) घडल्यावर ज्या उपायांची चर्चा सुरू झाली, त्यांतले बरेचसे पेरूने विसाव्या शतकाच्या मध्यातच करून पाहिले होते.

तरीही प्रश्न संपलेला नाही. पाल्काकोचा १९४१ नंतर जवळपास रिकामा झाला होता. हिमनदी मागे हटत गेली आणि तलाव पुन्हा भरला. २००९ पर्यंत त्यात सुमारे १.७ कोटी घनमीटर पाणी होते, १९७० च्या दशकाच्या तुलनेत ३४ पट. आपल्या मापात सुमारे ०.६ टीएमसी. खडकवासल्याचा उपयुक्त साठा जेमतेम दोन टीएमसी आहे, त्या हिशेबाने हा आकडा छोटा वाटेल. पण हे पाणी शहराच्या दीड हजार मीटर वर आहे आणि पुराच्या वाटेवर सुमारे ५० हजार लोक राहतात. २०११ पासून जाड नळ्यांनी सायफन करून पातळी खाली ठेवली जाते.

गाईड न्यायालयात का गेला?

सौल लुसियानो युइया हे हुआराझचे शेतकरी आणि पर्वतीय गाईड. पर्यटकांना हिमशिखरांवर नेणे हा त्यांचा व्यवसाय आणि घर पाल्काकोचाच्या पुराच्या वाटेवर. २०१५ मध्ये त्यांनी जर्मनीतील आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर जर्मन न्यायालयात दावा लावला. जगातील औद्योगिक काळातील उत्सर्जनात कंपनीचा वाटा ०.४७ टक्के असेल, तर तलावावरच्या संरक्षक कामांचा तेवढाच खर्च तिने द्यावा, अशी मागणी. रक्कम सुमारे १७ हजार युरो, म्हणजे एखाद्या मोटारीची किंमत. २०२२ मध्ये न्यायाधीश आणि तज्ज्ञ प्रत्यक्ष तलाव पाहायला आले.

२८ मे २०२५ रोजी हाम येथील न्यायालयाने दावा फेटाळला. युइया यांच्या घरापर्यंत पूर येण्याची शक्यता पुढच्या ३० वर्षांत एक टक्का आहे आणि ती पुरेशी नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र मोठ्या उत्सर्जक कंपन्यांना अशा नुकसानीसाठी नागरी कायद्यानुसार तत्त्वतः जबाबदार धरता येते, हेही त्याच निकालात नमूद झाले. युइया घराबाबत हरले, पण हे दुसरे वाक्य यापुढे अनेक देशांतले वकील वापरतील.

परतीच्या वाटेवर काय?

काशापाम्पाहून हुआराझला परतणारी गाडी कराझ आणि युंगाय या गावांतून जाते. ३१ मे १९७० रोजी ७.९ रिश्टरच्या भूकंपाने हुआस्करानच्या उत्तर शिखराचा बर्फ आणि खडक कोसळला आणि काही मिनिटांत जुने युंगाय गाडले गेले. एकट्या युंगायमध्ये सुमारे १८ ते २० हजार आणि संपूर्ण भूकंपात सुमारे ७० हजार माणसे दगावली. त्या दुर्घटनेचे कारण भूकंप होता, हवामान बदल नव्हे. हे वेगळे सांगावे लागते, कारण हल्ली सगळेच एका खात्यावर टाकले जाते. गावातली टेकडीवरची दफनभूमी उंचावर होती, म्हणून तिथे पळालेली ९२ माणसे वाचली. जुन्या गावाची जागा आज स्मारक म्हणून तशीच राखली आहे. चौकातल्या चार पाम झाडांचे शेंडे तेवढे गाळाच्या वर राहिले होते. बहुतेक ट्रेकिंग कंपन्यांच्या कार्यक्रमात इथे थांबा नसतो. चालकाला आधी सांगितले तर तो गाडी थांबवतो.