वॉशिंग मशीन मध्येच थांबतंय? मेकॅनिक बोलावण्याआधी गच्चीवरची टाकी बघा

नाशिक : निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला भागात मळ्यातल्या घरांमध्येही आता फुल्ली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आले आहे. सोबत एक तक्रारही आली आहे. कपडे टाकले, बटण दाबले आणि तासाभराने बघावे तर मशीन मध्येच गप्प उभे. शहरातून मेकॅनिक यायला दोन-चार दिवस, व्हिजिट चार्ज वेगळा, आणि त्याने ‘कार्ड गेलंय’ म्हटले की हजारोंचा खर्च. पण बऱ्याचदा कार्ड ठणठणीत असते. पाणी भरले, कपडे धुतले, पाणी सोडले, अशी एक पायरी झाल्याशिवाय मशीन पुढे जात नाही. पायरी अडली की ते थांबते. म्हणून आधी बघायचे, ते नेमके कुठे थांबले.

सुरुवातीलाच थांबत असेल तर पाणी बघा. बहुतेक फ्रंट लोड मशीनला किमान ०.३ बार दाब लागतो. म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा साधारण १० फूट उंच हवी. आपल्याकडे टाकी थेट स्लॅबवर ठेवतात. स्लॅब १० फुटांवर आणि नळ ३ फुटांवर असेल, तर टाकीच्या तळापासून ७ फूटच मिळतात. टाकी भरलेली असताना मशीन चालते, अर्धी झाली की अडते. ‘सकाळी चालतं, दुपारी बंद पडतं’ याचं कारण बऱ्याच घरांत एवढंच असतं. टाकीखाली चार-पाच फुटांचा लोखंडी स्टँड किंवा छोटा प्रेशर पंप, हाच त्यावर उपाय. टाकी पुरेशी उंच असूनही पाणी कमी येत असेल, तर नळ बंद करून मशीनमागचा पाइप काढा. आत बारीक जाळी दिसेल. बोअरच्या पाण्यातला गाळ तिथेच अडकतो. पकडीने हळूच ओढून जुन्या ब्रशने घासली की झाले.

पाणी सारखे भरतेच आहे, पण मशीन पुढे जात नाही? मग सांडपाण्याचा पाइप बघा. परसातल्या केळीला पाणी मिळावे म्हणून अनेक जण तो जमिनीवर सोडून देतात. केळीचं भलं होतं, पण फ्रंट लोड मशीनमध्ये भरलेले पाणी लगेच ओढून बाहेर जाते. पाइप आधी दोन-अडीच फूट उंच नेऊन मगच खाली सोडावा. नेमकी उंची मशीनच्या पुस्तिकेत असते. त्याचे टोक पाण्यात बुडालेले नसावे.

पाणी आतच साचून राहिले, तर पंपाची जाळी तुंबलेली असते. फ्रंट लोडमध्ये ती खाली कोपऱ्यातल्या झाकणामागे असते. नाणी, पिना, सुतळी, बागेतून खिशात आलेले तारेचे तुकडे, सगळे तिथे सापडते. प्लग काढा, पाणी गरम असेल तर निवू द्या, खाली परात ठेवा आणि मगच झाकण फिरवा.

कपडे पिळताना थांबले तर एकटी गोधडी किंवा चादर एका बाजूला गोळा झालेली असते. ती सोडवून परत टाका.

कधी कुठेही, कधी कुठेही थांबत असेल तर वीज. घरात २३० व्होल्टच्या आसपास दाब हवा. मळ्यातली घरे बऱ्याच ठिकाणी शेतीच्या फीडरवर असतात. शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडते, त्यात कोणी कंडेन्सरवर मोटार चालवत असेल तर विचारूच नका. मोटारी बंद असतील त्या वेळेत कपडे धुवा. स्टॅबिलायझर लावता येतो, पण दाब त्याच्या मर्यादेच्या खाली गेला तर तोही लाइन तोडतो. रोजचीच अडचण असेल तर महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवा.

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र काहीही करून बघू नका. प्लग काढा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

स्क्रीनवर अक्षरे उमटली तर काम सोपे होते. एलजीमध्ये ‘आयई’ म्हणजे पाणी येत नाही, ‘ओई’ म्हणजे बाहेर जात नाही, ‘यूई’ म्हणजे कपडे एका बाजूला. इतर कंपन्यांचे कोड वेगळे, ते पुस्तिकेत असतात. एवढे करूनही मशीन अडलेच तर त्या अक्षरांचा फोटो काढून मेकॅनिकला आधीच व्हॉट्सअॅप करा, म्हणजे लागणारा पार्ट तो सोबतच घेऊन येईल.